ओंकारेश्वर ते रेवासागर: दक्षिण तटाने समुद्रापर्यंत चालायचं असेल तर

विचारणारे नवरा-बायको आहेत, दोघंही पंचावन्नच्या आसपास, सह्याद्रीत भटकायची सवय असलेले. पूर्ण नर्मदा परिक्रमेला लागणारे महिने सध्या मोकळे करता येत नाहीत, पण चाळीस दिवस हाताशी आहेत. म्हणून ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघून रेवासागरापर्यंतचा, म्हणजे नर्मदा समुद्राला मिळते तिथपर्यंतचा टप्पा खंड (तुकड्यातुकड्याने केलेली) परिक्रमा म्हणून करायचा बेत आहे. सातपुड्यातल्या शूलपाणीच्या झाडीतून जावं की तापीकाठच्या प्रकाशावरून, रोज किती चालावं, सामान किती घ्यावं आणि समुद्रातल्या नावेबद्दल जे उलटसुलट कानावर येतं त्यात खरं किती, असे त्यांचे प्रश्न आहेत.

नावेपासून सुरुवात करतो, कारण सगळ्या बेताची किल्ली तिथे आहे. दक्षिण तटाची वाट समुद्रकाठी विमलेश्वरला संपते आणि तिथून नावेने समुद्रातून उत्तर तटावरच्या मिठीतलाईला जायचं असतं. बहुतेक जण ओंकारेश्वरपासून पुढे दिवस मोजत जातात: आज इथे, उद्या तिथे, चौतिसाव्या दिवशी विमलेश्वर, पस्तिसाव्या दिवशी नाव, छत्तिसाव्या दिवशी गाडी. हे गणित विमलेश्वरला हमखास कोसळतं. नाव भरतीवर सुटते आणि भरती तिथीवर चालते. तेव्हा बेत समुद्राकडून मागे आखायचा. पंचांग उघडा, पौर्णिमा आणि अमावास्या बघा, त्यांच्या अलीकडे दोन-तीन दिवस विमलेश्वरला पोहोचता येईल असं धरा आणि तिथून उलटं मोजत ओंकारेश्वरला संकल्पाचा दिवस ठरवा.

याचं कारण साधं आहे. नर्मदा खंबातच्या आखाताला मिळते आणि या आखाताची भरती-ओहोटी जगातल्या मोठ्या भरती-ओहोट्यांत गणली जाते. मुख एवढं रुंद की पलीकडचा काठ नीट दिसत नाही, आणि दोन्ही बाजूंना मैलोन् मैल चिखल. ओहोटीला पाणी मागे गेलं की नाव चिखलात बसते आणि पुढचं पाणी येईपर्यंत हलत नाही. विमलेश्वरच्या बाजूला खाडीतून नाव बाहेर काढायला भरती लागते, पलीकडे मिठीतलाईला काठाशी लागायलाही पाणी लागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी भरपूर चढतं, त्यामुळे काम सोपं होतं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा खाडीत पाणी कमी चढतं आणि नाव खोळंबू शकते. शिवाय भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून नाव कधी भर दुपारी सुटते, कधी रात्री दोन वाजता हाक येते. कोकणातली मंडळी तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ तोंडावर सांगतात. ते गणित इथे लावू नका. भरती आखातात दक्षिणेकडून शिरते आणि वर सरकत जाते, त्यामुळे इकडे ती मुंबईहून मागाहून पोहोचते. नावाड्याला विचारा, त्याचं उत्तर अंतिम.

आता वाट. ओंकारेश्वर ते विमलेश्वर झाडीतून गेलं तर साधारण साडेचारशे-पावणेपाचशे किलोमीटर, प्रकाशावरून गेलं तर साडेपाचशेच्या घरात. रोज १५ ते १८ किलोमीटर धरले तर महिन्याभरात समुद्र येतो. चाळीस दिवसांत हे आरामात बसतं आणि चार-पाच दिवस शिल्लक राहतात. ते शिल्लक दिवस वाटेत खर्च करू नका, नावेसाठी राखून ठेवा. सह्याद्रीत एका दिवसात ३० किलोमीटर मारणाऱ्यांना १५ चा आकडा किरकोळ वाटतो. पण इथे सोमवारी दमलात म्हणून मंगळवारी सुट्टी नसते. पहिले आठ-दहा दिवस मुद्दाम कमी चाला. गुडघा आणि पोटरी या दिवसांत तक्रार करतात, त्यांचं ऐकलं तर पुढचे वीस दिवस ती गप्प राहतात.

चातुर्मासात परिक्रमा चालत नाहीत. देवउठनी (कार्तिकी) एकादशीनंतर वाटा पुन्हा गजबजतात. तुमच्या टप्प्याला नोव्हेंबरच्या मध्यानंतर निघणं सगळ्यात चांगलं. तोवर नाले उतरलेले असतात, झाडीत पाणी अजून मिळतं आणि समुद्रापाशी तुम्ही डिसेंबरच्या उत्तरार्धात पोहोचता. फेब्रुवारीनंतर सातपुड्याच्या उतारांवर सावली उरत नाही.

महाराष्ट्रातून जाणाऱ्याला खांडवा स्टेशनावर उतरून बसने ओंकारेश्वर गाठणं सोयीचं, अंतर सत्तरेक किलोमीटर. या बाजूने गेलं की तुम्ही थेट दक्षिण तटावरच उतरता. ओंकार मांधात्याचं देऊळ बेटावर आहे आणि परिक्रमा उचलल्यावर मैयाचं, म्हणजे नर्मदेचं पात्र कुठेही ओलांडायचं नसतं, बेटावरही जायचं नसतं. म्हणून ओंकाराचं दर्शन संकल्पाच्या आधी उरकून घ्या. ममलेश्वर दक्षिण तटावरच आहे, तिथे घाई नाही. संकल्प बहुतेक जण गोमुख घाटावर करतात: कन्यापूजन, छोट्या बाटलीत मैयाचं जल, आणि तिथून ती बाटली रोज सकाळ-संध्याकाळ तुमच्याबरोबर पूजेत. नदी कायम उजव्या हाताला. पश्चिमेकडे तोंड करून दक्षिण काठाने चाललं की ती आपोआप उजवीकडे येते. आधारची झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो जवळ ठेवा, परिक्रमावासी असल्याचं पत्र निघताना करून घ्या. वाटेतल्या आश्रमांचे शिक्के त्यावर घेत जातात. गुजरातेत नावेच्या नोंदणीलाही ओळखपत्र लागतं.

पहिला भाग निमाडचा. मोरटक्का, बकावा, मर्दाना, शालिवाहन अशी काठाकाठाने सपाट वाट. कापूस, मिरची, केळी, मधून मधून उपनद्या. पायांसाठी हा सर्वांत सोपा भाग आणि आदरातिथ्याने सर्वांत धोक्याचा, कारण दिवसातून सहा वेळा चहा होतो. बकाव्याला घरोघरी नर्मदेतल्या दगडांचे बाण, म्हणजे शिवलिंगं घडवतात. चक्रावर पाण्याची धार धरून दगड गोल करत बसलेली माणसं अंगणातच दिसतात. तिथे थोडा वेळ बसा, पण शिवलिंग विकत घेऊन पाठीवर घालू नका. चारशे किलोमीटर वाहायचं आहे.

शालिवाहन मंदिराच्या परिसरातून समोरच्या तटावर महेश्वर दिसतं. अहिल्याबाईंच्या घाटांचा सगळा पसारा एका नजरेत येतो. महेश्वरात उभं राहून तो असा दिसत नाही, घाट बघायचा तर समोरूनच. जायचं मात्र नाही, नाव कितीही जवळ लागलेली असली तरी. इथलंच नावडाटोली हे गाव पुरातत्त्वात मोठं नाव आहे. १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी इथे उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळातली वस्ती उजेडात आली. वाटेवर त्याची खूण सांगणारं फारसं काही नाही, टेकाडावरून आपण चालत जातो आणि खाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं असतात.

वाटेतल्या भाषेची आधी ओळख असली तर बरं. आश्रमाच्या दारात ‘नर्मदे हर’ झालं की पहिला प्रश्न येतो, ‘कितनी मूर्ती?’ म्हणजे माणसं किती. मग ‘आसन लगाओ’, म्हणजे अंथरूण टाकायची जागा दाखवली. सकाळचा नाश्ता तो बालभोग, जेवण ती भोजनप्रसादी. काही ठिकाणी तयार जेवण नसतं, सदाव्रत मिळतं: पीठ, डाळ, मीठ, मिरची, कधी थोडं तेल. ते घेऊन स्वतः शिजवायचं. म्हणून दोघांत एक लहान पातेलं असावं. बायकांना सगळे ‘माताजी’ म्हणतात, पुरुषांना ‘बाबाजी’. चार दिवसांत सवय होते.

याच ओघात थोडं कडू. अलीकडे आपल्याकडून मोठे गट निघतात, मागून सामानाची गाडी, पुढे एक जण मोटारसायकलवर जाऊन आश्रमात तीस जणांची जागा धरतो. संध्याकाळी एकटादुकटा दमलेला म्हातारा पोहोचतो तेव्हा ओसरी भरलेली असते. सदाव्रत चालवणारा माणूस बऱ्याचदा स्वतः कोरडवाहू शेतकरी असतो. तुम्ही दोघं आहात, ते उत्तम आहे. दोघांचे चार झाले तरी चालेल, पुढे वाढू देऊ नका. निघताना जमेल ती दक्षिणा पेटीत टाका, आणि रात्री काय आहे हे विचारू नका.

बडवानीजवळ राजघाटला निमाड संपतो. महात्मा गांधी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या अस्थी असलेलं स्मारक इथे काठावर होतं. सरदार सरोवराचं पाणी चढणार म्हणून २०१७ मध्ये ते वर हलवलं. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, आणि तिच्यामागे सुमारे २१४ किलोमीटर लांब पाणी पसरतं. २०१९ मध्ये ते पहिल्यांदा पूर्ण भरलं. या एका गोष्टीने इथून पुढची जुनी वाट बुडवली. त्याआधीची वर्णनं वाचून निघाला असाल तर राजघाटपासून धरणाजवळच्या गोऱ्यापर्यंत ती बाजूला ठेवा. काठाची पायवाट पाण्याखाली आहे, शूलपाणेश्वराचं मूळ देऊळही पाण्यात गेलं, नवं गोऱ्याला बांधलं आहे. पावसाळ्यानंतर पाणी वर असतं, त्यामुळे राजघाटच्या अलीकडेही वाट दरवर्षी थोडी हलते. शेवटच्या आश्रमात विचारून पुढे निघायचं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, झाडी की प्रकाशा. प्रकाशाची वाट खेतिया, शहादा मार्गे तापीकाठी प्रकाशाला जाते आणि तिथून तळोदा, अक्कलकुवा, डेडियापाडा करत राजपिपळ्याला निघते. वाट जवळजवळ सगळी डांबरी. मुक्काम सोपे, दवाखाने जवळ, मराठी बोलणारी माणसं, आणि प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात ते केदारेश्वराचं दर्शन. तोटा हा की आठ-दहा दिवस मैया दिसत नाही आणि ट्रकच्या वाऱ्यात चालावं लागतं. नियमाने यात काही बिघडत नाही. ज्यांच्या गुडघ्यांना चढ-उतार झेपत नाही त्यांनी इकडूनच जावं.

तुम्हाला मी झाडीतून जा म्हणेन. सह्याद्रीत चाललेल्या पायांना सातपुड्याचा हा भाग ओळखीचा वाटेल. बडवानीकडून भवती, घोंगसा, सेमलेट, भादल असं करत वाट नंदुरबार जिल्ह्यात उतरते. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा फक्त ५४ किलोमीटरचा काठ आला आहे, तोही सीमेवरचा, आणि तो सगळा या डोंगरांत. पुढे बिलगाव, धडगाव, काठी, मोलगी आणि मग गुजरातेत माथासर, झरवाणी, गोरा. काठीची राजवाडी होळी ज्यांनी ऐकली असेल त्यांना गाव नावाने माहीत असेल. वाटेत गावं म्हणजे एकेका टेकडीवर एकेक घर. किलोमीटर विचारून उपयोग नसतो, ‘या टेकडीपलीकडे’ हे उत्तर खरं असतं, फक्त टेकडी कोणती ते कळायला वेळ लागतो.

झाडीत मामा (इथल्या आदिवासींना परिक्रमावासी असं म्हणतात) लुटतात, ही गोष्ट निघायच्या आधी प्रत्येक नातेवाईक तुम्हाला ऐकवेल. पूर्वी ते घडत होतं. परिक्रमावासीयाच्या अंगावर लंगोटी ठेवून बाकी सगळं काढून घ्यायचे आणि परिक्रमावासीही ती मैयाचीच परीक्षा मानायचे. आज चित्र उलटं आहे. याच भिल्ल आणि पावरा घरांमधून परिक्रमावासीयांना जेवण मिळतं, आणि ते कशातून येतं हे बघितलं की घास जड होतो. मोलगीच्या अलीकडच्या एका घरात आम्ही दुपारी थांबलो होतो. घरच्या बाईने कणगीच्या तळाशी हात घालून मका काढला, जात्यावर दळला, आणि हातावर थापलेल्या जाड भाकरी पळसाच्या पानावर मिरचीच्या ठेच्याबरोबर वाढल्या. सगळं होईपर्यंत दीड तास गेला. घाई करणारा माणूस या दीड तासात तीन वेळा उठून घड्याळ बघतो आणि तिचा अपमान करतो. पैसे दिले तर घेत नाहीत. सुई-दोरा, काडेपेटी, मुलांसाठी वह्या-पेन्सिली असं काही जवळ असलं तर ते घेतात. गोळ्या-चॉकलेटं वाटू नका. ती वाटून वाटून मुलांना हात पसरायची सवय आपणच लावली आहे.

झाडीतले नियम थोडेच. दोघांनी एकमेकांच्या नजरेबाहेर जायचं नाही. दुपारी तीननंतर नवा चढ सुरू करायचा नाही, मिळेल त्या घरी थांबायचं. पाण्याची दोन लिटरची सोय प्रत्येकाकडे हवी. मोबाईलला रेंज मधूनच येते, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा की पाच-सहा दिवस फोन लागणार नाही, नाहीतर धडगावला पोहोचेपर्यंत तिकडे पोलिसांत तक्रार झालेली असते. शूलपाणेश्वर अभयारण्याच्या पट्ट्यात अस्वलं आणि बिबटे आहेत, पहाटे अंधारात निघायचा उत्साह इथे आवरा.

गोऱ्याला उतरलात की एकदम दुसरं जग. धरण, १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा, पर्यटकांच्या बसगाड्या. पुतळा साधू बेटावर आहे, म्हणजे पात्रातच, तेव्हा परिक्रमेत तिकडे जाता येत नाही. दत्तसंप्रदायातल्या मराठी माणसाची खरी कसोटी थोडी पुढे आहे. समोरच्या तटावर गरुडेश्वर. माणगावच्या टेंब्ये स्वामींची, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींची समाधी तिथे आहे, १९१४ ची. पूल आहे, रिक्षा आहेत, अर्ध्या तासात जाऊन येता येईल. जायचं नाही. ती समाधी उत्तर तटाच्या टप्प्यात वाटेवरच लागते. इकडच्या काठावरून हात जोडा आणि चालू लागा.

कालव्यांचा प्रश्न इथे हमखास निघतो, कारण मैयाचं पाणी कालव्यांतून आणि पाइपांतून दूरवर गेलं आहे. कालवा ओलांडला तर परिक्रमा खंडित होते का? बहुतेक साधू सांगतात की मूळ पात्र ओलांडायचं नाही एवढाच नियम, आणि मलाही तेच पटतं. कालवे टाळायचे ठरवलं तर आज कोणाचीच परिक्रमा पूर्ण होणार नाही.

राजपिपळा ओलांडल्यावर झगडियापर्यंत केळी आणि ऊस. झगडियाजवळ गुमानदेवाच्या हनुमानाला बहुतेक सगळे थांबतात. खिचडी-कढी, रोटलो, ताक, आणि गुजरातेतली आश्रमांची व्यवस्था एकूणच चोख. चालणं मात्र कंटाळवाणं होत जातं. अंकलेश्वरला रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे, वाऱ्याची दिशा चुकीची असेल तर नाकाला रुमाल लागतो. इथे समोर भरुच दिसतं. १८८१ चा जुना गोल्डन ब्रिज आहे, नवे पूल आहेत, पलीकडे जायला दहा मिनिटं पुरतात. परिक्रमावासी मात्र त्याच भरुचला हांसोट, विमलेश्वर, समुद्र, मिठीतलाई असा शंभरावर किलोमीटरचा वळसा घालून पोहोचतो. अंकलेश्वरच्या पुलापाशी अनेकांच्या मनात येतं की एवढ्यासाठी कशाला. तुमच्याही येईल.

हांसोटपासून जमीन बदलते. गोड्या पाण्याची झाडं संपतात आणि वेड्या बाभळीची रानं सुरू होतात, गुजराती लोक तिला गांडो बावळ म्हणतात. हिचा काटा साध्या चपलेच्या तळव्यातून आरपार जातो, इथे बूटच हवेत. मिठागरं, कोळंबीची तळी, खारट विहिरी. पिण्याचं पाणी हांसोटलाच भरून घ्या. डास भरपूर, ओडोमॉस आणि पूर्ण बाह्यांचा सदरा वर काढून ठेवा.

विमलेश्वरला पोहोचल्यावर लगेच नाव नोंदवा. काही वेळा नावा जवळच्या कतपोरहून सुटतात, ते तिथेच कळतं. भाडं दरवर्षी ठरतं, आधी ऐकलेल्या आकड्यावर वाद घालू नका. गर्दी असेल तर एक-दोन दिवस थांबावं लागतं. हाक आली की सगळं पाच मिनिटांत होतं, म्हणून रात्री सामान बांधूनच झोपा. बूट-मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सॅकच्या आत, मोबाईल-कागदपत्रं वेगळ्या पिशवीत गळ्यात, पॅंट गुडघ्यावर घट्ट दुमडलेली.

खाडीच्या काठावर चिखल असतो आणि तो नदीकाठच्या चिखलासारखा नसतो. राखाडी, गुळगुळीत, लोण्यासारखा मऊ. पाय टाच आधी टाकून रोवलात तर गुडघ्यापर्यंत जातो आणि ओढून काढताना तोल सुटतो. पाऊल सपाट टाकायचं, लगेच उचलायचं, आणि खलाशी ज्या खुणांवर गेला त्याच खुणांवर जायचं. काठी पुढे टेकवत राहा. चप्पल घालून उतरलेल्यांच्या चपला तिथेच राहतात, दरवर्षी त्या चिखलात एक बाजारच भरतो. एकमेकांचा हात धरू नका, एक पडला की दुसरा जातोच. हातांऐवजी काठी पुढे करा.

नावेच्या बाबतीत मी कठोर बोलेन. ही मासेमारीची मोठी इंजिनची नाव असते, प्रवास साधारण तीन-चार तासांचा, आणि आत बसायला फळी मिळेलच असं नाही. लाईफ जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला, उशाखाली ठेवण्यासाठी ते नसतं. नाव गच्च भरलेली वाटली तर उतरा आणि पुढच्या भरतीला जा. ‘मैया बघून घेईल’ हे वाक्य तेव्हा दहा जण म्हणतील. मैयाने तुम्हाला डोळे दिले आहेत, तुम्हीही बघा. मळमळीचा त्रास असेल तर अर्धा तास आधी गोळी, पोटात थोडं कोरडं खाणं. रात्रीची नाव असेल तर थंडी बोचते, कानटोपी हाताशी ठेवा. वाटेत कुठेतरी भजन थांबतं आणि सगळे पाण्याकडे बघत बसतात. नदीचं गढूळ पाणी कुठे संपलं आणि समुद्र कुठे सुरू झाला यावर दोन मतं असतात, खलाशी दोन्ही बाजूंना हो म्हणतो.

सामानाचं आता सांगतो, कारण वरचं वाचल्यावर यादी आपोआप लहान होते. पाण्यासकट सात किलोच्या वर जाऊ नका. पातळ स्लीपिंग बॅग, खाली टाकायला एक फोमची पट्टी, कपड्यांचे दोन जोड (पांढरे घालायचा रिवाज आहे, पण मळखाऊ पांढरे घ्या), स्वेटर, विजेरी, शिट्टी, पातेलं, ताट, काठी. बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे आणि निघायच्या आधी निदान शंभर किलोमीटर घातलेले. फोड यायच्या आधी जिथे घासतं तिथे चिकटपट्टी लावायची, फोड आल्यावर ती मलमपट्टी होते. ओआरएस, तुमच्या रोजच्या गोळ्या महिनाभराच्या, कारण झाडीत औषधाचं दुकान नाही. नदीत साबण वापरायचा नाही, काठापासून दूर बादलीत धुवा. रोख थोडी लागते, बाकी आता अगदी चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड लटकतो.

आणि दिवस कमी पडले, घरी काही अडचण आली तर? तिलकवाडा-रामपुराजवळ नर्मदा उत्तरेकडे वाहते, तिथली उत्तरवाहिनी परिक्रमा चैत्रात होते, वीस-एकवीस किलोमीटरची, एका दिवसाची. अलीकडे तिथे प्रचंड गर्दी लोटते. शनिवार-रविवार टाळून आडवारी पहाटे निघा. तिची या टप्प्याशी तुलना करू नका, ती वेगळी गोष्ट आहे.

शेवटी, टप्पा कुठे थांबवायचा. बरेच जण विमलेश्वरला समुद्र बघून परततात. माझं मत, नाव करूनच थांबा. मिठीतलाईला उतरून समुद्राशेजारच्या विहिरीचं गोडं पाणी प्या, तिथल्या आश्रमात एक रात्र काढा, आणि पूजा करून टप्पा तिथे स्थगित करा. पुढचा टप्पा त्याच जागेवरून उचलता येतो. विमलेश्वरला सोडलात तर पुढच्या वेळी पहिलाच दिवस नावेची वाट बघण्यात जाईल. मिठीतलाईहून दहेज जवळ आहे, दहेजहून भरुचला गाड्या मिळतात. पण भरुचहून मुंबईकडे येणारी रेल्वे नर्मदेच्या पुलावरूनच येते, हे अनेकांच्या लक्षात गाडी पुलावर आल्यावर येतं. म्हणून स्थगितीची पूजा मिठीतलाईलाच उरका, गाडीत नको. जलाची बाटली घरी देवघरात ठेवा, रोज दिवा दाखवा, आणि पुढच्या टप्प्याला तीच घेऊन या. परतीचं तिकीट धरलेल्या पौर्णिमेनंतर किंवा अमावास्येनंतर चार-पाच दिवसांचं काढा, आणि ते रद्द करता येईल असंच काढा.